डागाला आलेला काठ

गेल्या उन्हाळ्यात ओपीडीत एक मुलगी आली. वय चोवीस. तालुक्याच्या गावी साड्यांच्या दुकानात कामाला. दोन्ही हातांच्या पाठीवर आणि मनगटांवर पांढरे डाग, म्हणजे कोड. गिऱ्हाइकासमोर साडी उलगडायची तर आधी हातच दिसतात. मालकाने तिला काढून टाकलं नव्हतं, पण आतल्या बाजूला घड्या घालायला बसवलं होतं. गिऱ्हाइकाशी बोलण्याची हौस असलेल्या मुलीला ही शिक्षाच होती.

तिने मैत्रिणीच्या मोबाइलवरून एक लोशन मागवलं. सेल्फ-टॅनिंग लोशन, म्हणजे उन्हात न बसता कातडीला तपकिरी रंग देणारं. रात्री क्रीम लावतात तसं दोन्ही हातांना चोळून लावलं आणि झोपली. सकाळी डागांवर फिकट नारिंगी पट्टे, डागांभोवतीची चांगली त्वचा गडद तपकिरी, बोटांची पेरं काळपट आणि तळहात हळद कालवल्यासारखे. हात माझ्यापुढे धरून ती म्हणाली, "मॅडम, डाग होता तो होताच, आता त्याला काठ आला."

ती हसत होती. शेजारी बसलेली तिची आई मात्र डोळे पुसत होती.

त्या दिवशी मला एक गोष्ट कबूल करावी लागली. इतक्या वर्षांत कोडाच्या शेकडो रुग्णांना मी मलमं लिहून दिली, प्रकाशोपचाराला पाठवलं, काहींना शस्त्रक्रियेसाठी मोठ्या रुग्णालयात पाठवलं. पण "औषधाचा गुण येईपर्यंत मी उद्या कामावर कशी जाऊ?" या प्रश्नाचं उत्तर मी कधी नीट दिलं नव्हतं. ते ब्युटी पार्लरचं काम, डॉक्टरचं नाही, असं मला वाटायचं. माझं चुकत होतं. डाग झाकायला शिकवणं हा उपचाराचाच भाग आहे. आपण तो शिकवत नाही, म्हणून रुग्ण तो चुकतमाकत शिकतात.

आधी कोडाबद्दल थोडं. हा संसर्गजन्य आजार नाही. कुष्ठरोगाशी त्याचा संबंध नाही. दूध आणि मासे एकत्र खाल्ल्याने तो होत नाही आणि आंबट सोडल्याने बरा होत नाही. शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच रंगपेशींवर उलटते, त्या पेशी मेलॅनिन हे रंगद्रव्य बनवेनाशा होतात आणि तिथली त्वचा दुधासारखी पांढरी दिसते. जगभरात साधारण अर्धा ते दोन टक्के लोकांना कोड असतं. उपचार आहेत, पण ते महिनोन्‌महिने चालतात. चेहऱ्यावरचे डाग उपचारांना त्यातल्या त्यात चांगली साथ देतात. हातांची बोटं, ओठ आणि पावलं इथले डाग सर्वांत हट्टी. आणि नेमकी हीच जागा लोकांच्या नजरेत येते.

आता त्या लोशनबद्दल. त्यातलं मुख्य द्रव्य डायहायड्रॉक्सीॲसिटोन, एक साधी साखर. अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात १९५०च्या दशकात इव्हा विटगेनस्टाइन या संशोधिका शरीरात साखर साठवण्याचा जन्मजात दोष असलेल्या मुलांचा अभ्यास करत होत्या. त्यासाठी ही साखर मुलांना तोंडावाटे दिली जाई. ती अंगावर सांडली, की काही तासांनी तिथली कातडी तपकिरी व्हायची. विटगेनस्टाइन यांनी ते द्रावण स्वतःच्या त्वचेवर लावून पाहिलं, आणि १९६० साली 'सायन्स' या नियतकालिकात त्याबद्दलचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला.

रंग येतो तो कसा? आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा पापुद्रा मृत पेशींचा असतो. त्यातल्या प्रथिनांच्या घटकांशी ही साखर संयोग पावते आणि तपकिरी पदार्थ तयार होतो. पाव भाजताना त्याच्या पाठीवर तांबूस रंग चढतो, तो याच जातीच्या रासायनिक क्रियेने. या क्रियेला रंगपेशींची गरज लागत नाही. म्हणूनच जिथे रंगपेशी उरलेल्याच नाहीत, त्या कोडाच्या डागावरही हे लोशन रंग आणतं. साध्या मेकअपसारखा तो घामाने किंवा हात धुतल्याबरोबर निघून जात नाही. पण वरचा पापुद्रा रोज थोडा थोडा झडत असतो, त्याबरोबर रंगही जातो. साधारण पाच ते सात दिवसांत तो फिकटतो. सतत पाण्यात असणाऱ्या हातांवर त्याहून लवकर.

या मुलीचं कुठे चुकलं, तेही यावरून कळतं. कातडी जिथे जाड, तिथे रंग जास्त धरतो. म्हणून पेरं, कोपर, गुडघे, टाचा काळपट होतात. आणि लोशनला डाग कुठला आणि चांगली त्वचा कुठली हे कळत नाही. दोन्हींवर लावलं, की दोन्ही गडद होतात, फरक तसाच राहतो. डागाला काठ येतो तो असा.

ते नीट कसं लावायचं, हे आता मी रुग्णांना हात धरून दाखवते.

पहिली अट अशी, की डाग कोडाचाच आहे हे डॉक्टरकडून पक्कं करून घ्या. शिबं असेल तर ती साध्या औषधाने जातात. डाग फिकट असेल आणि तिथे स्पर्श किंवा गरम-गार कळत नसेल, तर तो कुष्ठरोगाचा असू शकतो. त्याची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि वेळेवर घेतली तर हातापायांचं नुकसान टळतं. असा डाग रंगाखाली दडवणं फार महागात पडेल.

एका लहान डागावर थोडं लोशन लावून दोन दिवस वाट पाहा. खाज, लाली आली नाही तरच पुढे जा. मग रात्री झोपण्याआधी जागा साबणाने धुऊन पूर्ण कोरडी करा. तेल, क्रीम काही नको. टॅनिंग लोशन लावण्याआधी कातडी घासून घ्यावी असा सल्ला बाटलीवर असतो. कोड असलेल्यांनी तो पाळू नये. घासल्याने, खरचटल्याने त्याच जागी नवे डाग उठू शकतात. ओल्या मऊ फडक्याने हलकं पुसणं पुरे.

डागाच्या बाहेर, चांगल्या त्वचेवर, पेट्रोलियम जेलीची बारीक रेघ ओढा. शेतात पाणी अडवायला बांध घालतो तसा हा बांध. डाग पेरांवर असेल तर तिथे आधी साध्या मॉइश्चरायझरचा अगदी पातळ हात फिरवा, म्हणजे रंग कमी धरेल. मग मोठ्या डागाला हातमोजा घातलेल्या बोटाने, लहान डागाला कापूस लावलेल्या काडीने लोशन लावा. मधून सुरुवात करून कडेकडे यायचं आणि कडेच्या किंचित आत थांबायचं. थर पातळ आणि सगळीकडे सारखा. कडेला चोळू नका, नुसतं टिपा. तळहाताला आणि नखांच्या कडांना काही लागलं असेल तर लगेच ओल्या फडक्याने पुसा. कारण रंग लगेच दिसत नाही. दोन-तीन तासांनी उमटू लागतो, आणि तोवर पुसण्याची वेळ निघून गेलेली असते.

पंधरा-वीस मिनिटं पंख्याखाली सुकू द्या, नाहीतर कपड्यांना आणि चादरीला डाग पडतील. पुढचे सहा-आठ तास पाणी लागू देऊ नका, घाम येईल असं काम करू नका. मुंबई-कोकणच्या दमट हवेत रात्रीची वेळ यासाठीच बरी. सकाळी रंग फिकट वाटला तर दुसऱ्या रात्री दुसरा पातळ हात द्या. एकाच वेळी जाड थर देऊ नका. पहिल्या दोन-तीन खेपा बिघडतात, आणि बिघडलेला रंग आठवड्यात आपोआप जातो. म्हणून पहिला प्रयोग बाहेर जायच्या आदल्या रात्री करू नये.

ओठ, पापण्या, जननेंद्रियं, कापलेली किंवा खरचटलेली जागा इथे हे लोशन लावायचं नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाची या द्रव्याला मान्यता आहे ती फक्त बाहेरून त्वचेवर लावण्यासाठी. ते श्वासावाटे आत जाणं किंवा डोळ्यांत-तोंडात जाणं त्यात बसत नाही. म्हणून फवाऱ्यापेक्षा हाताने लावणं चांगलं.

आणखी एक गैरसमज दूर करते. हा तपकिरी रंग उन्हापासून वाचवत नाही. मेलॅनिन नसलेला डाग उन्हात भाजतो, वर रंग असला तरी भाजतो. शिवाय उन्हाने भोवतालची त्वचा रापते आणि डाग जास्त उठून दिसतो. बाहेर पडताना सनस्क्रीन किंवा लांब बाह्या हव्यातच. प्रकाशोपचार चालू असेल तर लोशन वापरत असल्याचं डॉक्टरांना सांगा, कारण रंगाचा थर काही किरण अडवू शकतो. आणि लोशनमुळे कोड बरं होत नाही. त्याच्या भरवशावर उपचार सोडू नका.

तरीही मी या लोशनच्या बाजूने बोलते, कारण त्याच्याऐवजी लोक जे करतात ते मी पाहिलं आहे. बावचीचं तेल लावून उन्हात बसल्याने फोड येऊन भाजलेले हात मी पाहिले आहेत. बावचीत कातडीला उन्हाबाबत अतिसंवेदनशील करणारी द्रव्यं असतात, मात्रा चुकली की कातडी जळते. कुणाच्या तरी सांगण्यावरून डागावर गोंदवून घेतलेले, आणि सुईच्या जखमांमुळे डाग पसरलेले रुग्णही पाहिले आहेत. त्यांच्यासमोर एक पातळ थर आणि थोडा धीर ही फारच सौम्य गोष्ट आहे.

पण त्या दिवशी आई डोळे पुसून म्हणाली, "मॅडम, लग्नापुरतं तरी झाकून द्या. एकदा लग्न झालं की मग बघू." इथे मी थांबले. गोरेपणाची क्रीमं विकत घेणारा आपला समाज एका पांढऱ्या डागाला इतका घाबरतो, हे नवल रोजच बघते. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'नितळ' हा चित्रपट २००६ साली याच विषयावर आला. पुण्यात श्वेता असोसिएशन कोड असलेल्यांसाठी काम करते, तिच्या मेळाव्यांत लग्नंही जुळतात. तरीही ओपीडीतला प्रश्न तोच आहे.

मी आईला म्हटलं, "ताई, रंग आठवड्यात जातो. लग्न आठवड्यात संपत नाही. लपवून केलेल्या लग्नात ही रोज रात्री दार लावून लोशन लावत बसेल." कामावर जाताना, समारंभाला, बसमध्ये अनोळखी नजरा नकोत म्हणून डाग झाकणं वेगळं. जोडीदारापासून लपवणं वेगळं. पहिल्याने माणूस मोकळा होतो, दुसऱ्याने कैदेत पडतो. आणि झाकायचं की नाही, कधी, किती, हे ज्याच्या अंगावर डाग आहे त्याने ठरवायचं. आईने नाही, मालकाने नाही, डॉक्टरनेही नाही. डाग उघडे ठेवून वावरणारे माझे अनेक रुग्ण आहेत. त्यांना "अहो, आता काहीतरी लावायला मिळतं ना" असं सुचवणं हाही आगाऊपणाच.

सरकारी रुग्णालयांबद्दलही एक मागणी आहे. हे लोशन सौंदर्यप्रसाधनात गणलं जातं, म्हणून आमच्या औषधखिडकीवर मिळत नाही. शिकवायला माणूस नसतो. ब्रिटनमध्ये रेडक्रॉसच्या स्वयंसेवकांनी १९७५पासून डाग आणि व्रण झाकायला शिकवण्याची सेवा चालवली आणि २०११मध्ये ती 'चेंजिंग फेसेस' या संस्थेकडे गेली. आपल्याकडे प्रत्येक जिल्हा रुग्णालयाच्या त्वचाविभागात एक टेबल, एक आरसा, शिकवलेली एक परिचारिका आणि आठवड्यातून एक दुपार, एवढं तरी सुरू करता येईल. याला इमारत लागत नाही. २५ जूनला जागतिक कोड दिन असतो. त्या दिवशी भाषणांऐवजी ही दुपार सुरू झाली तर दिवस सार्थकी लागेल.

चार महिन्यांनी ती मुलगी परत आली. मनगटावरच्या डागात उपचाराने रंगाचे बारीक ठिपके उमटू लागले होते. हातांवर लोशन नव्हतं. मी विचारलं, "आज लावलं नाहीस?"

"इथे यायला कशाला लावू? दुकानात लावते. मालकाने परत पुढे बसवलंय."

"आणि स्थळाचं काय झालं?"

"पाहायला आले तेव्हा नाही लावलं. आईला आधीच सांगितलं होतं. चहाचा ट्रे याच हातांनी दिला."

"मग?"

"अजून निरोप नाही," ती म्हणाली, आणि पुढच्या तारखेचा केसपेपर घेऊन गेली.