प्रार्थनाशील, पण खमकी

ख्रिस्ती घरात म्हातारं माणूस गेलं की पाळकसाहेबांच्या तोंडी दोन विशेषणं ठरलेली: प्रार्थनाशील आणि प्रेमळ. आजी प्रभूत निजली तेव्हाही दोन्ही आली. पहिल्याबद्दल वादच नाही. दुसऱ्याला मागच्या बाकावर बसलेले काका जोरात खाकरले.

आजी राहुरीकडची. अमेरिकन मराठी मिशननं १८३१ साली नगरला काम सुरू केलं आणि पुढं जिल्ह्यातल्या महारवाड्या-मांगवाड्यांतून घरंच्या घरं ख्रिस्ती झाली. तिच्या आजोबांचं घर त्यातलंच. शाळा तिला दुसरीपर्यंतच मिळाली. पुढचं वाचन शिकवलं ते पवित्र शास्त्रानं. तिचं ते पुस्तक माझ्याकडं आहे. स्तोत्रसंहितेची पानं पिठाच्या बोटांनी पिवळी पडलेली, लेवीय मात्र कोरं करकरीत, तिथं तिला गोडी नसावी. शेवटच्या पानावर नातवंडांच्या जन्मतारखा आणि वाण्याची उधारी एकाच पेन्सिलीनं लिहिलेली.

गाणं हा तिचा खरा जीव. रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई काही काळ राहुरीला राहिले होते, त्यामुळं ना. वा. टिळकांची गीतं म्हणजे तिला गावकीचीच मालमत्ता वाटे. ‘उपासना संगीत’ समोर असायचं, पण नजर कधी त्यात नसायची. पेटी, ढोलकी, टाळ, आणि अभंगाच्या वळणाची चाल. निवृत्तिनाथांची पालखी नगरवरून पंढरीला जाते, तेव्हा दिंड्यांना पाणी द्यायला ती हंडा घेऊन रस्त्यावर उभी. वर टाळ कोण बेतालात वाजवतंय हेही घरी येऊन सांगणार.

प्रार्थना लांब. ताटातली भाकरी थंड व्हायची. पाटलांची गाभण म्हैस, आटलेली विहीर, मुंबईला गेलेला भाचा, पोटात दुखणारी शेजारीण, सगळे नावानिशी. उत्तर लांबलं की आवाज चढायचा. ‘परवाच सांगितलं होतं तुला, ध्यानात हाय ना?’ हे देवाला. आम्ही पोरं डोळे मिटून हसायचो.

आता काकांच्या खाकरण्याचं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. पुढं १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती अजून बाहेरच. मग कितीक घरांनी वाट काढली: शाळेच्या दाखल्यावर हिंदू, चर्चच्या रजिस्टरात ख्रिस्ती. मी त्यांना नावं ठेवणार नाही. पोट आणि फी दोन्ही खरी असतात. काकांच्या दाखल्याच्या वेळी मास्तरांनी भल्याच्या भावनेनं तेच सुचवलं. आजोबा तयार होते. आजी नाही. ‘रविवारी एक आन् सोमवारी एक, असलं माझ्या घरात चालायचं नाय.’

शिष्यवृत्ती गेली. पुढं काका कॉलेजात असताना १९७२ चा दुष्काळ पडला. फीसाठी आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. उन्हात हातोडी, दुपारी सुकडी. हाताला घट्टे पडले ते शेवटपर्यंत गेले नाहीत. तरी पैसे पुरले नाहीत. काकांनी कॉलेज सोडलं आणि रोजंदारीवर लागले.

तिची ही बाजू शोकसभेत कुणी काढत नाही, आणि माझ्या मते तिथंच तिला कमी लेखलं जातं. गोड म्हातारी म्हटलं की विषय मिटतो. तिचा विश्वास गोड नव्हता. तो हट्टी होता, महाग होता. आणि हेही बोललं पाहिजे की हट्ट तिचा असला तरी हप्ते बरेचसे काकांनी फेडले. ती त्यांना कधी ‘चुकलं माझं’ म्हणाली नाही. काकांनीही तिला माफ केल्याचं मला ठाऊक नाही. नाताळच्या करंज्या मात्र पहिल्यांदा त्यांच्याच घरी जायच्या, पाटलांकडच्याही आधी.

काकांच्या नातवाचा यंदा प्रवेशाचा फॉर्म भरायचा होता. धर्माचा रकाना आला. पोरगं थांबलं, आजोबांकडं बघू लागलं. काकांनी चष्मा वर केला. ‘ख्रिस्ती लिही. आणि अक्षर नीट काढ. म्हातारी वर बसलीय, देवाला वाचून दाखवेल आणि वर माझंच गाऱ्हाणं घालेल.’