माझा गुन्हा तरी सांगा!



आपल्या जिल्ह्यातल्या एका विहारातली गोष्ट. गावाचे नाव सांगत नाही, कारण थोड्याफार फरकाने ती कुठेही घडते. भीमजयंतीच्या तयारीची बैठक होती. मागच्या वर्षीचा हिशेब वाचून झाला आणि एक भगिनी उभी राहिली. रोजाने खुरपायला जाणारी, पण वर्गणी कधी न चुकवणारी. तिने विचारले, "मंडपाला न् बाजाला एवढे पैसे गेले, मग पोरांच्या वह्या-पुस्तकांना किती ठेवले?" "बाई, खाली बसा!" असा आवाज आला. ती बसली. दुसऱ्या दिवशी महिला समितीच्या यादीतून तिचे नाव गळाले. का गळाले, हे तिला कोणीच सांगितले नाही.

त्या बैठकीचे इतिवृत्त आम्हीच लिहीत होतो. आम्ही लिहिले, 'हिशेब सर्वानुमते मंजूर.' आठवड्याने ती वाटेत भेटली. म्हणाली, "दादा, माझा गुन्हा तरी सांगा. कोणता नियम मोडला म्या?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. तसा नियमच कुठे लिहिलेला नव्हता.

बैठकीत कोणाला थांबवूच नये, असे आमचे म्हणणे नाही. दारू पिऊन येणाऱ्याला, शिवीगाळ करणाऱ्याला, आयाबहिणींवर शिंतोडे उडवणाऱ्याला थांबवलेच पाहिजे. पण कोणत्या नियमाने? कोणी? किती दिवस? जिथे नियम नसतो तिथे मर्जी चालते, आणि मर्जी म्हणजेच पाटीलकी. त्याच पाटीलकीपुढे आपले आजे-पणजे चावडीबाहेर उभे राहिले. त्यांना ताठ मानेने उभे करण्यासाठी बाबासाहेब फेब्रुवारी 1941 मध्ये आपल्या या जिल्ह्यात, कसबे तडवळ्याच्या महार-मांग वतनदार परिषदेला आले. तीच पाटीलकी आता आपण विहारात मांडायची काय?

तथागतांच्या संघात असे चालत नव्हते. भिक्खूंचे 227 नियम दर पंधरवड्याला उपोसथाच्या दिवशी सर्वांसमोर म्हटले जात. 'मला ठाऊक नव्हते' असे म्हणायला जागा नव्हती, आणि ऐन वेळी नवा नियम काढायलाही नव्हती. ठराव मोठ्याने मांडला जाई. महत्त्वाचा असेल तर तीनदा विचारले जाई. मान्य असेल त्याने गप्प राहावे, नसेल त्याने बोलावे. जो हजर नाही त्याच्यावर कारवाई करायची नाही, असाही दंडक होता.

विनयपिटकाच्या महावग्गात काश्यपगोत्र नावाच्या भिक्खूची हकीकत आहे. त्याच्या गावी पाहुणे भिक्खू आले. त्याने त्यांची खूप सेवा केली. पुढे ते रुळले, म्हणून त्याने सेवा थांबवली. पाहुणे रागावले आणि त्यांनी त्यालाच निलंबित केले. तो चंपा नगरीला तथागतांकडे गेला आणि त्याने सारे सांगितले. तथागत म्हणाले, तुझा काही अपराध नाही, ही कारवाई गैर आहे. जा, आपल्या गावी राहा. पुढे त्या पाहुण्यांना पश्चात्ताप झाला. त्यांनीही तथागतांकडे जाऊन आपली चूक कबूल केली. म्हणजे शिक्षा झालेल्याला दाद मागायला दार होते, आणि शिक्षा देणाऱ्यालाही चूक सुधारायला दार होते.

25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी हेच सांगितले. बसायची व्यवस्था, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान यांचे नियम भिक्खू संघाला ठाऊक होते; लोकशाही या देशाला नवी नाही. त्याच संविधानाचे कलम 311 आहे. सरकारी नोकराला काढायचे तर सर्वसाधारणपणे आधी आरोप कळवावा लागतो, त्याची बाजू ऐकावी लागते. कचेरीतल्या शिपायाला जो न्याय, तो विहारातल्या उपासिकेला नको काय?

म्हणून प्रत्येक विहाराने पाच गोष्टी कराव्यात. बैठकीचे नियम सर्वांच्या संमतीने ठरवून भिंतीवर लावावेत आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी दर पौर्णिमेला मोठ्याने वाचावेत. कोणाला थांबवले तर त्याचे कारण तोंडावर सांगावे आणि इतिवृत्तात लिहावे. नाव कमी करण्याआधी त्या माणसाला बोलावून ऐकून घ्यावे. शिक्षेला मुदत असावी, आणि दाद ऐकणारे लोक शिक्षा देणाऱ्यांपेक्षा वेगळे असावेत. पाचवी गोष्ट सर्वात अवघड: तोच नियम अध्यक्षांना, त्यांच्या पुतण्याला आणि इतिवृत्त लिहिणाऱ्यालाही लागू असावा.

तो आम्ही स्वतःला लावून घेतला. पुढच्या बैठकीत उभे राहून सांगितले की 'सर्वानुमते' हा शब्द खोटा होता. तो सर्वांसमोर खोडला आणि त्या भगिनीचा प्रश्न तिथे जसाच्या तसा लिहिला. काहींना राग आला. काहींनी माना डोलावल्या. तिचे नाव पुन्हा यादीत आले.

ती आता बैठकीला येते, पण दाराशी बसते. अजून पुढे येऊन बसलेली नाही. नियम भिंतीवर लागायला एक दिवस पुरतो. गेलेला विश्वास परत यायला किती दिवस लागतात, ते आम्ही तिच्याकडे पाहून मोजतो आहोत. तुमच्या विहारात दाराशी कोण बसते, तेवढे येत्या पौर्णिमेला जरूर पाहा.

जयभीम! नमो बुद्धाय!