फार झोपणारं मूल

‘बाळ भारी गुणाचं, रडत नाही, नुसतं झोपून असतं,’ हे कौतुक आपल्याकडे घरोघरी चालतं. बहुतेकदा ते खरंही असतं. पण पाजायला हलवून उठवावं लागणारं, दोन घोट घेऊन पुन्हा पेंगणारं, घोगरं रडणारं, दोन आठवडे उलटूनही कावीळ न उतरलेलं बाळ दिसलं, तर त्याची थायरॉईड ग्रंथी तपासायलाच हवी. भारतात साधारण हजार-बाराशे जन्मांमागे एका बाळाची ही ग्रंथी जन्मतःच मंद असते. पहिल्या दोन आठवड्यांत थायरॉईडची गोळी सुरू झाली, तर बहुतेक मुलं इतरांसारखीच वाढतात. उशीर झाला, तर मेंदूचं नुकसान भरून निघत नाही. गोळी स्वस्त आहे, चुरून चमचाभर दुधातून देता येते.

मोठ्या मुलांत ग्रंथी मंदावली की मूल रात्रभर झोपूनही वर्गात पेंगतं, घोरतं, उंची खुंटते. ती जास्त चालू लागली की झोप उडते, छाती धडधडते, खाऊनही वजन घटतं. पहिल्याला आपण आळशी म्हणतो, दुसऱ्याला वांड. झोपेच्या तक्रारीमागे वाढलेले टॉन्सिल, रक्तक्षय किंवा रात्रीचा मोबाईल हीच कारणं जास्त असतात. तरीही सोबत अशी लक्षणं असतील, तर थायरॉईडचं काम दाखवणारी टीएसएचची साधी रक्ततपासणी टाळू नये.

यवतमाळ जिल्ह्यात यासाठी नवी यंत्रणा उभारायची गरज नाही. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी बाळाचं वजन करायला घरी जातातच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं २०१३ पासून अंगणवाड्या-शाळांत फिरतात आणि गलगंड, म्हणजे याच ग्रंथीची सूज, त्यांच्या तपासणीच्या यादीत आहे. प्रश्न आश्रमशाळांचा आहे. झरी जामणी, मारेगाव, पांढरकवड्याच्या पोडांवरून, म्हणजे आदिवासी वस्त्यांवरून, आलेल्या लेकरांची झोप आईबाप पाहत नाहीत. ती पाहतात अधीक्षक आणि अधीक्षिका. पथकाने उंची-वजनासोबत त्यांना विचारावं: हे मूल झोपतं कसं?

आणि पुसद असो वा वणी, बाळंतिणीला घरी सोडण्याआधी बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब थायरॉईडच्या तपासणीसाठी घेणं हा नियमच हवा. गोव्याने २००८ मध्ये सरकारी खर्चाने नवजात तपासणी सुरू केली होती. विदर्भातल्या लेकरांचा मेंदू तिथल्या लेकरांच्या मेंदूहून कमी मोलाचा नाही. जिल्हा परिषद आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने एकत्र बसून हे काम यंदाच हाती घ्यावं.