फुकटाचं आणि हक्काचं



मागच्या आठवड्यात पांढरकवड्याच्या अभ्यासिकेत एक पोरगा लॅपटॉप उघडून गप्प बसला होता. घरचा पहिलाच इंजिनिअर. काय झालं विचारलं तर म्हणाला, "दादा, ज्याच्यावर सारं शिकलो ना, ते आता पैसे मांगून राह्यलं. कार्ड टाका म्हणते." कार्ड म्हणजे क्रेडिट कार्ड. केळापूर तालुक्यात किती घरांत ते असेल, हे मी सांगायला नको. वडिलांचं जनधनचं खातं आहे, त्यावर डॉलर जात नाहीत.

शेजारचा दुसरा लगेच म्हणाला, "भांडवलदार साले!" हा शब्द आपल्या तोंडात तयारच असतो. पण शिवी देऊन प्रश्न सुटत नाही, म्हणून हा लेख.

आधी एक जुनं प्रकरण सांगतो, कारण त्यात सगळा खेळ दिसतो. डॉटनेट रिफ्लेक्टर नावाचं एक साधन होतं. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्ये बनवलेला तयार प्रोग्राम खोलून आत काय लिहिलं आहे ते दाखवणारं. लुट्झ रोडर नावाच्या एका माणसाने ते बनवलं आणि फुकट वाटलं. जगभरचे प्रोग्रामर त्यावर शिकले. 2008 मध्ये ते इंग्लंडच्या रेड गेट कंपनीने घेतलं आणि फुकट आवृत्ती चालू ठेवू असं सांगितलं. फेब्रुवारी 2011 मध्ये मात्र जाहीर केलं की आता 35 डॉलर लागतील. त्या वेळच्या भावाने दीड हजार रुपयांच्या वर. अमेरिकेतल्या प्रोग्रामरचं हे एका जेवणाचं बिल असेल, आपल्याकडे खोलीचं महिन्याचं भाडं. पण लोक खवळले ते 35 डॉलरवर नाही. ज्यांनी ते आधीच फुकट उतरवून घेतलं होतं, त्यांच्या मशीनवरची प्रतसुद्धा मुदतीनंतर बंद पडणार होती. म्हणजे तुमच्या घरातली वस्तू, पण तिची किल्ली दुसऱ्याच्या खिशात. ओरड इतकी झाली की एप्रिलमध्ये कंपनीला मागे यावं लागलं आणि जुन्या वापरकर्त्यांसाठी सहावी आवृत्ती फुकट ठेवावी लागली.

त्याच फेब्रुवारीत काही लोकांनी ओरडणं सोडून आयएलस्पाय नावाचं पर्यायी साधन लिहायला घेतलं, मूळ कोडसकट सर्वांना खुलं. ते आजही चालू आहे. ते कोणी विकत घेतलं आणि कुलूप लावलं, तरी आजवरचा कोड घेऊन दुसरा कोणीही पुढे जाऊ शकतो.

आता आपल्या गावच्या भाषेत बोलू. या तालुक्यात कापसाचं बियाणं एके काळी घरचं होतं. सरकी राखून ठेवायची, पुढच्या वर्षी टोबायची. संकरित वाण आलं तसं ते मागे पडलं. 2002 मध्ये बीटीला परवानगी मिळाली, साडेचारशे ग्रॅमचं पाकीट सोळाशेच्या घरात गेलं, आणि त्यातला मोठा वाटा बियाण्याचा नव्हता, आतल्या जनुकाच्या रॉयल्टीचा होता. आपल्या बापाने जमीन नांगरली, सोयाबीन सोडून कपाशी लावली, आणि दरवर्षी परवानगीचे पैसे दिले. मग आंध्र सरकार आयोगापुढे भांडलं तेव्हा 2006 मध्ये भाव निम्म्याखाली आला. केंद्राने डिसेंबर 2015 मध्ये भावनियंत्रणाचा आदेश काढला, 2016 च्या हंगामात रॉयल्टी 49 रुपयांवर आणली, 2020 मध्ये शून्यावर. यवतमाळच्या शेतकऱ्याचे हाल त्याने संपले नाहीत, हे आपल्या डोळ्यांसमोर आहे. पण राज्यसंस्था मनावर घेते तेव्हा किल्लीवाल्याचा हात धरता येतो, एवढं त्यातून दिसलं. बाबासाहेबांनी 1947 च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे आणि राज्याने चालवलेले असावेत अशी मागणी केली होती. आज ते निवेदन लिहिलं जात असतं, तर सर्व्हर त्या यादीत आले नसते का?

आता थोडं आपल्याच लोकांना टोचणारं. साधन फुकटच पाहिजे, ही मागणी मला पटत नाही. ते साधन कोणीतरी रात्री जागून बनवलेलं असतं. काम करा पण मोबदला मागू नका, ही रीत आपल्याला नवी आहे का? गावाचा रखवालदार, निरोप्या, मेलेलं ढोर ओढणारा, चोवीस तास बांधील आणि बदल्यात भाकरीचे तुकडे. बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनाचं बिल मांडलं ते हीच वेठ मोडायला. तेव्हा आपण तरी दुसऱ्याच्या श्रमाला वतनी समजू नये. शिवाय फुकट काम करायची चैन कोणाला परवडते ते बघा. ज्याच्या घरचं भाडं बाप भरतो, तो संध्याकाळी 'समाजासाठी' कोड लिहितो आणि त्याचं नाव होतं. आपला पोरगा त्याच वेळी डिलिव्हरीची गाडी चालवतो.

म्हणून पैसे घेणाऱ्या सगळ्यांना मी एका मापाने मोजत नाही. डॉकरने ऑगस्ट 2021 मध्ये आपल्या डेस्कटॉप साधनाला पैसे लावले, पण 250 पेक्षा जास्त कर्मचारी किंवा एक कोटी डॉलरपेक्षा जास्त उलाढाल असलेल्या कंपन्यांना. विद्यार्थी आणि छोटे धंदे फुकटच राहिले. ज्याच्याकडे आहे त्याने द्यावं, यात वाईट काय? उलट सेल्सफोर्सच्या मालकीच्या हेरोकूने नोव्हेंबर 2022 मध्ये फुकट योजना सरसकट बंद केली. तिथे कोट्यधीश आणि स्वतःहून शिकणारं पोर एकाच रांगेत. समान किंमत म्हणजे समता नव्हे, हे आरक्षणाच्या वादात आपण रोज सांगतो. इथेही तेच सांगायला हवं.

आणि पैसे दिले म्हणून दार उघडतंच असंही नाही. 1920 मध्ये 'मूकनायक' निघालं तेव्हा त्याची जाहिरात, पैसे देऊनही, 'केसरी'ने छापली नव्हती. शाहू महाराजांनी अडीच हजारांची मदत केली, तरी ते पाक्षिक तीन वर्षांत बंद पडलं. बाबासाहेब त्यावर रडत बसले नाहीत. पुढे स्वतःचा छापखाना उभा केला, भारत भूषण, नंतरचा बुद्धभूषण. आपले इंजिनिअर पोरं मात्र आजही दुसऱ्याच्या छापखान्यात खिळे जुळवायला शिकतात आणि त्यालाच शिक्षण म्हणतात. कोर्स विकणारेही तेच शिकवतात, कारण सुरुवातीला फुकट साधन देणाऱ्या कंपनीला आपली सवय हवी असते. सवय लागली की बिल येतं.

तर करायचं काय? अभ्यासिकेत आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. एक, शिकताना आधी खुल्या परवान्याची साधनं घ्यायची. साधन घेण्यापूर्वी त्याचा परवाना वाचायचा, इंग्रजी जड गेलं तर चौघांनी बसून वाचायचा. दुसरी गोष्ट जयंतीच्या वर्गणीची. चौदा एप्रिलच्या डीजेला आपण किती देतो ते इथे लिहीत नाही, भांडण होईल. त्यातला काही भाग बाजूला काढून एक जुना संगणक अभ्यासिकेतच सर्व्हर म्हणून लावायचा, म्हणजे पोरांचे प्रकल्प कोणाच्या मेहेरबानीवर राहणार नाहीत.

यावर एका ताईने अचूक बोट ठेवलं. "दादा, इथं लाईट सहा-सहा तास जाते. अन् ज्याले हे समजते तो पुण्याले गेला की सांभाळन कोण?" खरं आहे. तिच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. शेवटी असं ठरलं की सर्व्हर सांभाळायला एकट्या पोराला न शिकवता तिघांना शिकवायचं, त्यात दोन मुली, आणि जो सांभाळेल त्याला दरमहा मानधन द्यायचं, थोडं का होईना. फुकट राबवायचं नाही. मानधन किती यावर रविवारी परत बसतो आहोत. इन्व्हर्टरच्या बॅटरीचा भाव मी वणीहून काढून आणला आहे.