संकेतस्थळ नवे, दुवे मृत

लांबलचक वेबपत्ते आखूड करून देणाऱ्या 'गू डॉट जीएल' या सेवेचे दुवे २५ ऑगस्ट २०२५ पासून बंद होतील, असे गुगलने जुलै २०२४ मध्ये जाहीर केले होते. मुदतीच्या तोंडावर हा निर्णय सौम्य झाला आणि वापरातील दुवे वाचले. २०२४ च्या अखेरीस ज्यांकडे कोणी फिरकले नव्हते, त्यांना मात्र अभय मिळाले नाही. पुस्तकाच्या तळटिपेत छापलेला दुवा रोज कोण उघडतो? नेमका असाच दुवा या कसोटीत नापास होतो.

प्रश्न एका कंपनीपुरता नाही. 'प्यू रिसर्च सेंटर'च्या २०२४ मधील अहवालानुसार, २०१३ साली अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनंतर उघडत नव्हती. काही पाने मुद्दाम काढली जातात. काही जागेवर असूनही केवळ पत्ता बदलल्याने हरवतात. दुसरा प्रकार टाळता येण्याजोगा आहे.

वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच बजावले होते, की पत्त्यात लेखकाचे नाव, विषयाची वर्गवारी, फाइलचा प्रकार किंवा पडद्यामागच्या प्रणालीची खूण असू नये. कारण या साऱ्या गोष्टी बदलतात. निर्मितीची तारीख बदलत नाही. तरीही 'पीएचपी', 'एएसपीएक्स' अशी शेपटे मिरवणारे पत्ते सर्रास दिसतात.

मराठीची अडचण निराळी. देवनागरी पत्ता ब्राउझरमध्ये सुबक दिसतो. पण नक्कल करून अन्यत्र चिकटवला, की 'मराठी' या एका शब्दाची बहुधा ४५ चिन्हे होतात. टक्क्याच्या खुणांची ती माळ ना वाचता येते, ना छापता. म्हणून पत्त्यात एक स्थिर क्रमांक असावा, पान त्यावरूनच शोधले जावे आणि शीर्षकाचे शब्द वाचकाच्या सोयीपुरते राहावेत, ही पद्धत अधिक शहाणपणाची. महाराष्ट्राच्या शासन निर्णयांच्या शेवटी छापला जाणारा, तारखेने सुरू होणारा संकेतांक याच जातीचा. फाइल कोणत्या फोल्डरमध्ये आहे, याच्याशी त्याला देणेघेणे नसते.

खरी परीक्षा नूतनीकरणाच्या वेळी होते. प्रत्येक जुन्या पत्त्यासमोर नवा पत्ता नोंदवून सर्व्हरकडून '३०१' हा कायमस्वरूपी स्थलांतराचा संकेत द्यावा लागतो. हेतुपुरस्सर काढलेल्या पानासाठी '४१०' आहे. सारे जुने दुवे सरसकट मुखपृष्ठावर नेऊन सोडणे ही निव्वळ पळवाट. पत्त्यांच्या या यादीची अट कंत्राटातच घालायला हवी. जुना सर्व्हर एकदा बंद झाला, की ती करायची कशावरून?