पुढचा कधी?

१५ जुलै २०११ रोजी 'हॅरी पॉटर' मालिकेतला आठवा आणि शेवटचा चित्रपट प्रदर्शित झाला. त्याच आठवड्यात पुण्यातली कॉलेजात जाणारी एक मुलगी बाबांना घेऊन तो पाहायला गेली. इतक्या वर्षांचा जिव्हाळा संपणार म्हणून पर्समध्ये रुमाल आठवणीनं ठेवला होता. पण खेळ सुटल्यावर जिना उतरता उतरता तिच्या तोंडून निघाली ती तक्रारच.

"बाबा, व्होल्डेमॉर्ट असा मरायला नको होता."

"मग पुस्तकात कसा मरतो?" बाबांनी नेहमीचा प्रश्न विचारला.

तिचं व्याख्यान सुरू झालं, ते स्कूटर काढून रस्त्याला लागेपर्यंत. पुस्तकात शेवटचा सामना हॉगवर्ट्सच्या मोठ्या दालनात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होतो. मास्तर, पोरं, पोरांचे आईबाप, सगळे तिथं हजर. ज्याचं नाव घ्यायलाही माणसं घाबरत होती, तो चारचौघांसारखा जमिनीवर कोसळतो आणि मागे उरतं एक साधं प्रेत. इतकी वर्षं ज्याची भीती बाळगली तो शेवटी माणूसच होता, हे तिथं सगळ्यांना दिसतं. चित्रपटात मात्र दोघं ओसाड आवारात एकटेच लढतात आणि खलनायक जळक्या कागदाच्या कपट्यांसारखा हवेत विरून जातो. दिसायला झकास, पण पाहायला कोणी नाही! शिवाय हॅरी ती सर्वांत बलवान छडी मोडून फेकून देतो खरा, पण तत्पूर्वी तिच्या जोरावर स्वतःची मोडलेली छडी सांधून घ्यायचं विसरतो. पुस्तकातला हॅरी इतका वेंधळा नाही.

कोणी म्हणेल, एवढी नावं ठेवायची होती तर तिकिटाचे पैसे घालवले कशाला? पण चाहत्यांची जात अशीच असते. ज्याचं काही वाटत नाही त्याच्या चुका कोण मोजत बसतो?

पहिला चित्रपट इंग्लंडमध्ये नोव्हेंबर २००१ मध्ये आला आणि भारतात काही महिन्यांनी, २००२ मध्ये. तेव्हा ती अकरा वर्षांची होती, म्हणजे गोष्टीतल्या मुलांना जादूच्या शाळेचं पत्र येतं त्याच वयाची. पडद्यावरचा डॅनियल रॅडक्लिफही निवड झाली तेव्हा अकराच वर्षांचा होता. त्या दिवशी आईला वेळ नव्हता म्हणून बाबा सोबत गेले. 'लहान मुलांचा जादूचा सिनेमा' एवढीच त्यांची समजूत. मध्यंतरापर्यंत त्यांनी कसाबसा तग धरला आणि नंतर स्वस्थ डुलकी काढली. तरी पुढचा चित्रपट आला तेव्हा तेच गेले, आणि मग तसा पायंडाच पडला.

बाबांनी पुस्तकं वाचली नाहीत. 'हॅरी पॉटर आणि परीस' हा मराठी अनुवाद लेकीनं त्यांच्या हातात दिला होता. 'परीस' हे नाव त्यांना फार आवडलं, पण पन्नासाव्या पानावर घातलेली खूण पुढे काही सरकली नाही. त्यांची सगळी माहिती लेकीच्या तक्रारींतून आलेली. तिसऱ्या चित्रपटात, २००४ मध्ये, त्यांनी अंधारातच विचारलं, "हे दाढीवाले आजोबा बदलले का गं?" बदलले होते. डंबलडोरचं काम करणारे रिचर्ड हॅरिस ऑक्टोबर २००२ मध्ये वारले आणि त्यांच्या जागी मायकेल गॅम्बन आले. या नव्या आजोबांवर तिचा राग चौथ्या चित्रपटापासून. पुस्तकात डंबलडोर हॅरीला जो प्रश्न अगदी शांतपणे विचारतो, तोच तिथं त्याला धरून, अंगावर ओरडून विचारला होता.

तक्रारींची वही भरतच गेली. पीव्हज नावाचं खट्याळ भूत पडद्यावर कधी आलंच नाही. वास्तविक पहिल्या चित्रपटासाठी रिक मेयल या विनोदी नटानं ते काम केलं होतं, पण ते कापलं गेलं. घरगडी बौनांच्या हक्कांसाठी हर्मायनीनं काढलेली संघटना गाळली. सर्वांत जाडजूड असं पाचवं पुस्तक १३८ मिनिटांत उरकलं, आणि त्याहून लहान असलेल्या सातव्याचे मात्र दोन भाग, मिळून २७६ मिनिटं! दोन भाग म्हणजे दोन तिकिटं, हे न कळण्याइतकी ती आता लहान नव्हती. पण अजून एक चित्रपट बाकी राहिला म्हणून मनातून खूषही झाली होती, हे तिनं कोणाला सांगितलं नाही.

तसं पाहिलं तर गोष्ट २००७ च्या जुलैमध्येच संपली होती, सातवं पुस्तक आलं तेव्हा. तेव्हा ती एकटी रडली होती. पण नंतर डोळे पुसून म्हणता आलं होतं, "अजून सिनेमे आहेत." आता तेही म्हणता येणार नव्हतं. तिकडे लंडनमध्ये ७ जुलैला शेवटच्या चित्रपटाचा पहिला खेळ झाला, त्यासाठी चाहते आधीपासूनच ट्रफाल्गर चौकात भर पावसात तंबू ठोकून बसले होते. त्यांची छायाचित्रं पाहताना तिला त्यांचा हेवा वाटला, थोडं हसूही आलं.

आणखी एक गोष्ट मैत्रिणींनाही सांगता येण्याजोगी नव्हती. तिला थोडं सुटल्यासारखं वाटत होतं. अकराव्या वर्षी वाचताना तिच्या मनात जो हॅरी होता, त्याचा चेहरा आता आठवेनासा झाला होता. तिथं रॅडक्लिफ येऊन बसला होता. हर्मायनी म्हटलं की एमा वॉटसन, रॉन म्हटलं की रुपर्ट ग्रिंट. दर चित्रपटागणिक तिच्या मनातल्या शाळेची एकेक खोली जात होती. आता यापुढे काही बिघडणार नाही, जे गेलं ते गेलं, असा तो सुटकेचा भाव होता. पण त्याच चित्रपटात स्नेपच्या आठवणींचा प्रसंग आला, ॲलन रिकमननं प्रेत कवटाळून केलेला तो आक्रोश आला, आणि रुमाल बाहेर काढावाच लागला. इथं मात्र पडद्यानं पुस्तकावर मात केली, हे तिलाही कबूल करावं लागलं.

शेवटचा प्रसंग एकोणीस वर्षांनंतरचा. हॅरी आपल्या मुलाला आगगाडीत बसवून द्यायला किंग्ज क्रॉस स्टेशनवर येतो. विशीतल्या नटांना रंगभूषेनं वडीलधारं केलेलं. पहिल्यांदा ते मनासारखं जमलं नाही म्हणून डिसेंबर २०१० मध्ये लीव्हस्डनच्या स्टुडिओत हा प्रसंग पुन्हा चित्रित केला होता. तिला वाटलं, बाबा झोपले असतील. वळून पाहिलं तर ते टक्क जागे होते. पुढच्याच महिन्यात ती बंगळुरूला शिकायला जाणार होती.

घरी पोचल्यावर स्कूटर लावताना बाबांनी विचारलं, "मग आता पुढचा कधी?"

"पुढचा नाही, बाबा. संपलं."

"असं होय," बाबा म्हणाले आणि बराच वेळ कुलूप शोधत राहिले. कुलूप हँडललाच लटकत होतं.

त्यानंतर या जादूच्या दुनियेतले आणखी तीन चित्रपट २०१६ ते २०२२ या काळात येऊन गेले. त्यांत हॅरी नव्हता. तिनं पहिला पाहिला आणि बाकीचे सोडून दिले. ॲलन रिकमन २०१६ मध्ये गेले, हॅग्रिड झालेले रॉबी कोल्ट्रेन २०२२ मध्ये, गॅम्बन २०२३ मध्ये आणि मॅगी स्मिथ २०२४ मध्ये. दर बातमीला बाबांचा फोन आला, "तुझ्या त्या सिनेमातले कोणीतरी गेले गं." २०२३ मध्ये सातही पुस्तकांवर नवी दूरदर्शन मालिका काढण्याची घोषणा झाली आणि २०२५ च्या उन्हाळ्यात त्याच लीव्हस्डनमध्ये नव्या मुलांना घेऊन चित्रीकरण सुरू झालं. तिचं पहिलं म्हणणं, "कशाला हवं ते पुन्हा?" आणि लगेच दुसरं, "पीव्हजला घेतायत का, ते बघायला हवं."

सध्या तिचा सात वर्षांचा मुलगा सुट्टीत आजोबांकडे आला की दोघं मिळून जुने चित्रपट लावतात. परवा तिसरा लागला होता. ती स्वयंपाकघरात होती. डंबलडोर पडद्यावर आले आणि तिला बाहेरून बाबांचा आवाज ऐकू आला, "हे आजोबा बदलले बरं का. आधीचे वारले बिचारे."

"हे चांगले आहेत का?" नातवानं विचारलं.

"मला आवडतात. पण पुढच्यात फार ओरडतात म्हणे. पुस्तकात तसं नाहीये. आईला विचार."