परंपरा जपायची तर सगळी जपा

बदलाचा आग्रह धरणाऱ्या नियतकालिकांइतकीच, ‘जरा थांबा, जुने मोडण्याआधी ते तपासून घ्या’ असे ठणकावून सांगणारी नियतकालिकेही समाजाला लागतात. मराठीत अशा लेखनाचा पाया विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’ने १८७४ मध्ये घातला. त्यामुळे परंपरेची बाजू घेणारे संपादक आणि लेखक यांच्याकडून अपेक्षाही मोठी आहे. जी परंपरा आपण जपतो म्हणतो, ती त्यांनी पुराव्यानिशी आणि सगळीच्या सगळी जपली पाहिजे.

पुरावा हवा असेल तर डहाणू तालुक्यातल्या चिंचणीकडे पाहावे. या किनाऱ्यावरच्या गावात राष्ट्रकूट आणि शिलाहार काळातले ताम्रपट सापडले. पुराभिलेखांचे अभ्यासक दिनेशचंद्र सरकार यांनी ते वाचून प्रसिद्ध केले. त्यांतला एक शके ८४८ चा, म्हणजे इ. स. ९२६ चा आहे. तेव्हा राष्ट्रकूट सम्राट तिसरा इंद्र राज्य करत होता आणि संजाण मंडळाचा कारभार मधुमती नावाच्या ताजिक, म्हणजे अरब अधिकाऱ्याकडे होता. ‘मधुमती’ हे ‘मोहम्मद’चे संस्कृत रूप असल्याचे अभ्यासक मानतात. त्याने नदीवर फुकट तरीची सोय केली आणि वाटसरूंना भात, कालवण, तूप मोफत मिळेल असे अन्नछत्र घातले. देवीच्या मठिकेसाठी जमीन दिल्याची नोंदही याच पटात आहे. हिंदू सम्राटाने नेमलेल्या मुसलमान अधिकाऱ्याने देवीच्या मठाला दान द्यावे, ही आपल्याच मातीतली, आपल्याच संस्कृतात कोरलेली परंपरा आहे. हजार वर्षांच्या वारशाचा अभिमान सांगणाऱ्याला हे पान फाडून टाकता येणार नाही. तसे केले, तर तो वारशाचा राखणदार उरत नाही.

दुसरी अपेक्षा आहे ती प्रतिपक्षाशी प्रामाणिकपणे भिडण्याची. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने शरीरसंबंधासाठी मुलीच्या वयाची मर्यादा दहावरून बारा वर्षे केली, तेव्हा टिळकांनी ‘केसरी’तून कडाडून विरोध केला आणि आगरकरांनी ‘सुधारका’तून तितक्याच जोरात कायद्याची बाजू मांडली. परक्या सरकारने आमच्या घरात कायदा करू नये, हा टिळकांचा मुद्दा फुसका नव्हता. मुलींचे लग्न सोळाच्या आत करू नये, असे सुधारणेच्छूंनी स्वतःहून ठरवावे, अशी सूचना त्यांनीच १८९० मध्ये केली होती. तरीही लहानग्या मुलीच्या देहाचा प्रश्न तातडीचा होता आणि त्यावर आगरकरच बरोबर ठरले. दोघांनीही वाचकापुढे युक्तिवाद ठेवला, म्हणून आज आपल्याला हा निवाडा करता येतो.

तिसरी अपेक्षा सत्तेपुढे ताठ उभे राहण्याची. समाजवादी अर्थकारणाचे कडवे टीकाकार मिनू मसानी यांच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ या मुंबईच्या मासिकातला मजकूर आणीबाणीत सेन्सॉरने अडवला. मसानी कोर्टात गेले. १० फेब्रुवारी १९७६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. मादन आणि न्या. कानिया यांनी मसानींच्या बाजूने कौल दिला. सरकारला न रुचणारे मत छापणे हा काही गुन्हा नव्हे, हे न्यायालयाने त्या अंधाऱ्या दिवसांत सांगितले. त्या निकालाचा आधार पुढे प्रत्येक विचाराच्या पत्रकाराला मिळाला. मासिकाचे विचार उजवे होते, पण लढा सगळ्यांचा होता.

आपल्या विचाराचे सरकार नसताना स्वातंत्र्याची आठवण येणे सोपे आहे. खरी कसोटी लागते ती आपल्याला जवळचे वाटणारे सरकार सत्तेवर असताना. परंपरावादी नियतकालिकांच्या संपादकांना आमचे आवाहन आहे: चिंचणीचा ताम्रपट तुमच्या वाचकांपुढे ठेवा, विरोधकाचा लेख न छाटता छापा आणि सत्तेला, मग ती कुणाचीही असो, प्रश्न विचारा. एवढे तुम्ही केलेत, तर तुमच्याशी मतभेद असणारे वाचकही तुमचा अंक विकत घेऊन वाचतील.